इमर्जन्सी सिझर आणि ठरवून केलेलं सिझर: तुलना नेमकी कशाची करायची?

प्रश्न खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्या पुढच्या एका गावातून आला आहे. धाकट्या जावेचं पहिलं बाळंतपण बेळगावात सिझरने झालं. कळा चालू होत्या, गर्भपिशवीचं तोंड आठ सेंटिमीटर उघडलं होतं आणि बाळाचे ठोके उतरले म्हणून मध्यरात्री घाईने ऑपरेशन करावं लागलं. नंतर टाक्यात पू झाला, महिनाभर ड्रेसिंग चाललं. आता तिला सातवा महिना आहे, मोठं मूल अडीच वर्षांचं. घरात असं ठरत आलंय की यावेळी कळांची वाट बघायची नाही, नववा लागला की चांगला दिवस बघून सिझर करून मोकळं व्हायचं, कारण 'ठरवून केलेल्या सिझरला काही होत नाही, धोका इमर्जन्सीतच.' डॉक्टर म्हणतात, दोन्ही होऊ शकतं, तुम्ही ठरवा. ठरवायचं कशावर?

आधी त्या समजुतीबद्दल. इमर्जन्सी सिझरमध्ये रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि बाळाला काचेत ठेवावं लागण्याचं प्रमाण जास्त असतं, हे खरं आहे. पण हे दोन गट सारख्या बायकांचे नसतात. ठरवून ऑपरेशनला येणारी बाई उपाशीपोटी येते, हिमोग्लोबिन तपासून येते, बाळ पोटात मजेत असतं. इमर्जन्सीत येणारीचा रक्तदाब चढून झटके आलेले असतात, किंवा वार आधीच सुटलेली असते, किंवा ती अठरा तास कळा देऊन थकून आलेली असते. पोटावरची चीर दोघींची तीच, टाके तेच. म्हणजे निकालातला बराचसा फरक ऑपरेशनचा नसून ज्या कारणासाठी ते करावं लागलं त्या कारणाचा असतो, आणि काही उशिराचा.

शिवाय 'इमर्जन्सी' हा एकच गठ्ठा नाही. तातडीच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत आई किंवा बाळाच्या जिवाला त्या क्षणी धोका असतो: नाळ बाहेर आली, गर्भपिशवीचा जुना टाका उसवला, ठोके उतरून वर आलेच नाहीत. इथे निर्णयापासून अर्ध्या तासात बाळ बाहेर यावं अशी अपेक्षा. दुसरीत त्रास आहे पण जीव टांगणीला नाही. इथे सव्वा तासाची मुदत धरतात. तिसरीत आई-बाळ दोघं ठीक, पण बाळंतपण लवकर उरकायला हवं. चौथी म्हणजे तारीख देऊन केलेलं. कार्डावर मात्र पहिल्या तिन्हींना सरसकट 'इमर्जन्सी' लिहिलं जातं. तारीख ठरली होती आणि दोन दिवस आधी कळा आल्या म्हणून सकाळी ऑपरेशन केलं, तरी तो शब्द पडतो. अशा सिझरचा निकाल ठरवून केलेल्याच्या जवळ जातो, पहिल्या पायरीच्या नाही.

आता कळा चालू असताना केलेल्या सिझरमध्ये नेमकं काय बिघडतं ते बघू, कारण जावेच्या टाक्यातला पूही त्यातच बसतो.

पाण्याची पिशवी फुटून पाणी गेलं की योनीमार्गातले जंतू वर गर्भपिशवीत चढू लागतात. जितके तास जास्त आणि आतून तपासण्या जितक्या जास्त, तितका संसर्ग जास्त. म्हणून चीर देण्याआधीच्या तासाभरात सेफाझोलिनसारखं अँटिबायोटिक शिरेतून जायला हवं. नाळ कापल्यावर द्यायची जुनी सवय आता सोडायची. कळा सुरू झालेल्या किंवा पाणी गेलेल्या बाईला त्याबरोबर ५०० मिलिग्रॅम अझिथ्रोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक शिरेतून दिलं तर काय होतं, याचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संसर्गाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.१ टक्क्यांवर आलं. ऑपरेशनआधी योनीमार्ग पोव्हिडोन आयोडीनने पुसणं हे त्याहून स्वस्त काम, आणि घाईत हेच आधी सुटतं.

रक्तस्रावाचं कारण वेगळं. कळा वाढवायला तासन्‌तास ऑक्सिटोसिनची सलाईन चालली असेल तर गर्भपिशवीचा स्नायू त्या औषधाला सरावतो. मग बाळ बाहेर आल्यावर तेच औषध देऊनही पिशवी आवळत नाही, मऊच राहते. अशा वेळी दुसरं औषध, म्हणजे मेथर्जिन (रक्तदाब जास्त नसेल तर) किंवा कार्बोप्रोस्ट (दमा नसेल तर), हाताशी काढून ठेवलेलं असावं लागतं. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचा एक ग्रॅम रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत जायला हवा, आणि त्यातही जितका लवकर तितका कामाचा.

रक्त मोजण्याबद्दल जाता जाता एक गोष्ट, कारण ती बेळगावचीच आहे. गेलेलं रक्त मोजायची खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी-चादर बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत झालेल्या मिसोप्रोस्टॉलच्या (गर्भपिशवी आवळणाऱ्या गोळ्यांच्या) अभ्यासासाठी वापरली गेली. डोळ्यांनी अंदाज केला की रक्त नेहमी कमीच भरतं. सिझरमध्ये तर गर्भजल मिसळल्याने अंदाज आणखी चुकतो. सक्शनच्या बाटलीतलं पाणी आधी वेगळं नोंदायचं, भिजलेले मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) वजन करायचे, कोऱ्या मॉपचं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. हजाराच्या वर गेलं की सावध.

सगळ्यात अवघड सिझर कुठलं, तर तोंड पूर्ण उघडून तास-दोन तास जोर करून झाल्यावर केलेलं. डोकं खाली हाडात रुतलेलं असतं. गर्भपिशवीचा खालचा भाग ताणून पातळ झालेला असतो, वरून हात घालून डोकं ओढताना चीर बाजूला फाटत जाते आणि कडेच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचते. मूत्राशयही वर ओढलेलं असतं, तेही चिरेत सापडू शकतं. इथे डोकं हळूच खालून कुणीतरी वर ढकलायचं, नाहीतर आधी खांदे, मग धड आणि शेवटी डोकं काढायचं. या दुसऱ्या रीतीला १९५७ मध्ये ती मांडणाऱ्या पटवर्धनांचं नाव आहे आणि आपल्याकडच्या डॉक्टरांच्या हातात ती चांगली बसलेली आहे. ऑपरेशननंतर लघवीच्या पिशवीत लाल लघवी दिसली तर नळी लवकर काढायची घाई घरच्यांनी करू नये. दहा-चौदा दिवस राहिली तरी चालेल. नाहीतर पुढे लघवी गळत राहण्याचा आजार होतो.

भुलीचं थोडक्यात. बहुतेक सिझर पाठीत इंजेक्शन देऊन होतात, कंबरेखालचं बधिर, बाई जागी. फार घाई असेल किंवा रक्त गेलं असेल तर पूर्ण भूल द्यावी लागते, आणि तेव्हा पोट भरलेलं असेल तर ते फुप्फुसात जाण्याची भीती. कळांमध्ये पोट हळू रिकामं होतं. 'अंगात ताकद यावी' म्हणून निघताना शिरा किंवा दूध-चहा भरवतात, त्याने इथे अडचण होते. दूध हे अन्नच धरतात. ठरवून ऑपरेशन असेल तर जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं.

हे सगळं वाचून घरच्यांचंच बरोबर वाटेल. पण ठरवून केलेल्या सिझरचं स्वतःचं बिल असतं, आणि ते बाळ भरतं किंवा पुढचं बाळंतपण भरतं.

कळा सुरू झाल्या की बाळाच्या फुप्फुसातलं पाणी ओसरू लागतं. कळांविना काढलेल्या बाळात ते राहतं, बाळ धापा टाकतं, एक-दोन दिवस ऑक्सिजन लागतो. लवकर काढलं तर हे जास्त. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वैद्यकीय कारण नसताना पुन्हा केलेल्या सिझरमध्ये बाळाला श्वासाचा किंवा तसा काही त्रास होण्याचं प्रमाण ३७व्या आठवड्यात १५.३ टक्के, ३८व्यात ११ टक्के आणि ३९व्यात ८ टक्के निघालं. म्हणजे दोन आठवडे थांबल्याने त्रास जवळजवळ निम्मा. आणि 'नववा लागला की' म्हणजे तर साधारण ३५-३६ आठवडे! कारण नसताना त्या दिवसांत सिझर करू नका, कुठलाही मुहूर्त असो.

३९ आठवडे मोजायचे कशावरून, हा आपल्या भागातला खरा घोळ. पाळीची तारीख 'शिमग्याच्या आसपास' अशी सांगितली जाते. पहिली सोनोग्राफी अकरा ते तेरा आठवड्यांत झाली असेल तर तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने पक्की. पहिली सोनोग्राफीच आठव्या महिन्यात झाली तर तीन आठवड्यांपर्यंत फरक पडू शकतो. प्रत्येक सोनोग्राफीत नवीन तारीख छापून येते, ती धरायची नसते, पहिली धरायची. जावेचा पहिला रिपोर्ट शोधा. तो आशाताईंच्या फाईलमध्ये किंवा तायी कार्डाच्या (गरोदरपणाच्या नोंदींच्या सरकारी कार्डाच्या) कव्हरात घडी घालून ठेवलेला असतो.

मुहूर्ताबद्दल माझं म्हणणं एवढंच: ३९ ते ४० आठवड्यांमधला, दिवसाउजेडाचा, कामाच्या दिवसाचा कुठलाही मुहूर्त काढा. पहाटे तीनचा काढलात तर ठरवून केलेल्या ऑपरेशनचा सगळा फायदा घालवलात, कारण त्या वेळी भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्तपेढीतला माणूस झोपेतून उठून येतो.

पुढचं बिल वारेचं. प्रत्येक सिझरगणिक जुन्या टाक्यावर वार बसण्याची आणि ती गर्भपिशवीच्या भिंतीत घुसण्याची शक्यता वाढते. वार खाली असेल तर ती घुसलेली निघण्याचं प्रमाण दुसऱ्या सिझरला ११ टक्के, तिसऱ्याला ४० टक्के असं एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात आढळलं. घुसलेली वार म्हणजे बऱ्याचदा गर्भपिशवी काढावी लागते, रक्ताच्या पिशव्या दोन आकड्यांत लागू शकतात. म्हणून जावेच्या सोनोग्राफीत पहिला प्रश्न विचारा: वार कुठे आहे, जुन्या टाक्यावर आहे का? असेल तर बाकीची चर्चा संपली. मग ठरवूनच, लवकर, आणि मोठ्या रुग्णालयातच. दोन मुलांवर थांबायचं असेल तर या मुद्द्याचं वजन कमी होतं, तिसरं हवं असेल तर फार वाढतं. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन सिझरबरोबरच करायचं का हेही आधी शांतपणे, जावेला विचारून ठरवा. टेबलावर विचारायची ती गोष्ट नव्हे.

आता खरी तुलना. तुमच्यापुढे 'ठरवून' विरुद्ध 'इमर्जन्सी' अशी निवड नाहीच. इमर्जन्सी कुणी निवडत नाही. निवड आहे ती ठरवून सिझर करायचं की नॉर्मलचा प्रयत्न करायचा यांत. प्रयत्नाची दोन टोकं: बहुतेकींना नॉर्मल होतं, काहींचं इमर्जन्सी सिझर होतं. दुसरं टोक तिन्हींत सगळ्यात त्रासाचं, पहिलं सगळ्यात सुखाचं. म्हणजे जावेचं नॉर्मल होण्याची शक्यता किती, यावर सगळं ठरतं.

एका सिझरनंतर प्रयत्न केलेल्या बायकांत शंभरात ७२ ते ७५ जणींचं नॉर्मल होतं. आधी एक नॉर्मल झालेलं असेल तर ८५ ते ९०. जुना टाका उसवण्याचं प्रमाण दोनशेत एक. हे आपोआप आलेल्या कळांचे आकडे. कळा औषधाने आणल्या किंवा वाढवल्या तर उसवण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. मिसोप्रोस्टॉलची गोळी योनीत ठेवून कळा आणायचा प्रकार सिझर झालेल्या बाईत अजिबात नको. कुणी सुचवलं तर 'तिचं आधी सिझर झालंय' एवढं मोठ्याने सांगा. दोन बाळंतपणांत दीड-दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर हवं, ते जावेचं आहे.

बाळाच्या धापेचं बघितलं तर ३९ आठवड्यांना ठरवून केलेल्यात शंभरात चार-पाच, प्रयत्नात दोन-तीन. आईच्या जिवाचा धोका दोन्हीकडे फारच कमी, ठरवून केलेल्यात किंचित जास्त: लाखात १३ विरुद्ध ४. बाळाचा जीव जाण्याचा धोका मात्र प्रयत्नात थोडा जास्त, दहा हजारात चारच्या आसपास, म्हणजे पहिलटकरणीला असतो साधारण तेवढाच. हे आकडे चांगल्या सोयींच्या देशांतले आहेत हे ध्यानात ठेवा.

तिची शक्यता ठरवायला एकच कागद हवा: पहिल्या ऑपरेशनची नोंद. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'एल.एस.सी.एस.' (म्हणजे गर्भपिशवीच्या खालच्या भागात चीर देऊन सिझर) असतं, तेवढ्याने भागत नाही. दवाखान्यात जाऊन ऑपरेशन नोट मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यात चार गोष्टी बघायच्या. कारण काय: तुम्ही सांगता तसं ठोके उतरले असतील तर ते कारण दर वेळी येत नाही, डोकं हाडात अडकलं असेल तर ते पुन्हा येऊ शकतं. तोंड किती उघडलं होतं: आठ सेंटिमीटर ही चांगली खूण. चीर कुठली: खाली आडवी असेल तर प्रयत्न चालतो, उभी किंवा उलट्या टी-सारखी असेल तर कळा येऊच द्यायच्या नाहीत. आणि चीर फाटत गेली होती का. टाक्यात पू झाला तो पोटाच्या कातडीत की आत गर्भपिशवीत, हेही विचारा; कातडीतला असेल तर त्याने प्रयत्नाला आडकाठी येत नाही. सोनोग्राफीत जुन्या टाक्याच्या जागेची जाडी 'टाका इतके मिलिमीटर' अशी येते, त्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका.

कागदावर जाव प्रयत्नासाठी चांगली उमेदवार दिसते. पण जांबोटीच्या पुढे राहते, आणि माझ्या मते इथेच निर्णय होतो.

जुना टाका उसवला तर बाळाला धक्का न लागता काढायला हातात पंधरा-वीस मिनिटंच असतात. अर्ध्या तासाचा जो नियम वर सांगितला तो रुग्णालयात निर्णय झाल्यापासूनचा. आपल्याकडे वेळ जातो तो त्याच्या आधी, रस्त्यावर. म्हणून प्रयत्न फक्त तिथेच, जिथे ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त रात्री दोन वाजताही त्याच इमारतीत आहे. तालुक्याच्या ठिकाणी दिवसा सिझर होतं म्हणून रात्रीही होईल असं धरू नका; थेट विचारा, 'रात्री भूल द्यायला कोण येतं आणि कुठून येतं?' बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्सचं रुग्णालय आणि केएलईचं रुग्णालय अशी मोठी ठिकाणं आहेत, खासगीही आहेत. खानापूर ते बेळगाव अंतर फार नाही. पण कणकुंबी, आमगाव, गवाळी, कोंगळा या बाजूच्या गावांना पावसाळ्यात ओढा उतरेपर्यंत बसून राहावं लागतं. तारीख जून ते सप्टेंबरमध्ये येत असेल तर ३७-३८ आठवड्यांनाच तिला बेळगावात पाहुण्यांकडे आणून ठेवा. हे जमत नसेल, तर प्रयत्नाचा हट्ट सोडा आणि ३९ आठवड्यांची तारीख घ्या. आकडे प्रयत्नाच्या बाजूने असले तरी ते आकडे रस्ता धरत नाहीत.

निपाणी-चिकोडीकडच्यांना हाच हिशोब वेगळ्या महिन्यांत करावा लागतो. वेदगंगा-दूधगंगा चढल्या की छोटे पूल पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ मध्ये तर यमगर्णीजवळ महामार्गच बंद पडला होता. रायबाग-अथणीला ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे रुग्णवाहिका अडकते. निपाणीला कोल्हापूर जवळ पडतं, चंदगडची माणसं बेळगावला येतात. हे चुकीचं नाही, फक्त आधी ठरलेलं हवं. सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त आणि सात दिवसांचं जेवण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीच्या अलीकडे तसंच पलीकडे. एका राज्याच्या विमा योजनेचं कार्ड दुसऱ्या राज्यातल्या खासगी दवाखान्यात चालेलच असं मात्र नाही. सासर पलीकडे आणि बाळंतपण माहेरी असेल तर दोन्हीकडचे कागद एका पिशवीत ठेवा. संमतीपत्र कानडी किंवा इंग्रजीत असतं. सही करण्याआधी ते मराठीत वाचून दाखवा म्हणा, बेळगावात वाचणारं कुणीतरी नक्की असतं.

दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी आत्ता, सातव्या महिन्यात, करायचं काम एकच: हिमोग्लोबिन. अकराच्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या रोज, चहाबरोबर नाही, लिंबाबरोबर. महिन्याने पुन्हा तपासा. वाढत नसेल तर शिरेतून लोह देतात. रक्त वाढायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून नवव्या महिन्यात सुरू करून उपयोग नाही. रक्तगट लिहून ठेवा, आणि निगेटिव्ह असेल तर तसे दोन रक्तदाते घरात शोधून ठेवा.

आणि तारीख घेतली म्हणजे ठरलं असं नाही. ३९ आठवड्यांची तारीख घेतलेल्या दहापैकी एकीला त्याआधीच कळा येतात. तेव्हा काय करायचं हे डॉक्टरांना आजच विचारा आणि कार्डावर लिहून घ्या: कळा आल्या तर लगेच सिझर, की पुढे सरकलेली असेल तर नॉर्मल होऊ द्यायचं? निघायच्या खुणा घरातल्या सगळ्यांना पाठ हव्यात. पाणी गेलं, लाल रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, कळ जाऊनही जुन्या टाक्यावर दुखणं राहिलं, यातलं काहीही झालं तर कळा वाढायची वाट बघायची नाही. पोटात काही भरवायचं नाही. १०८ ला फोन करायचा, गाडीवाल्यालाही सांगून ठेवायचं, दोघांतलं जे आधी येईल त्यात बसायचं, आणि वाटेतून रुग्णालयाला फोन करून 'आधीचं सिझर आहे, कळा सुरू आहेत, इतक्या वेळात पोचतो' एवढं सांगायचं, म्हणजे भूलतज्ज्ञ तुमच्या आधी तिथे असेल.